एक जून

कामगार खात्याची यादी आधीच आली होती,
आरोग्याची सोमवारी,
कुलूपबंद फाइल, परवलीचा शब्द वेगळ्या फोनवर.
आता दोन्ही आमच्या पटाशेजारी ठेवायच्या
आणि ज्या मुलाच्या बोटाचं रक्त सरकारकडे आहे
पण हजेरी नाही,
ती ओळ पिवळी करायची.
एवढंच काम. पेडण्याच्या कचेरीत, पंख्याखाली,
कागद उडू नयेत म्हणून वर चिऱ्याचा तुकडा.

पहिल्या दिवशी मशीन म्हणालं : चारशे बारा बेपत्ता.
तेवढी नव्हती.
हुलिगेम्मा, हुलगेव्वा, हुलीगम्मा य.
तीन याद्यांत तीन मुली,
आणि गेल्या साली आठ दिवस वर्गात बसलेली चौथी, गंगा,
कारण बाईंना ते नाव उच्चारता येईना.
बाप एकच, यमनूरप्पा,
तोही एका ठिकाणी आडनाव झालेला.
मी नावं मोठ्यानं वाचू लागले. डोळ्यांना वेगळं दिसतं
ते कानाला पुष्कळदा एकच असतं.
जन्मतारखांचा उपयोग नव्हता.
अर्धी यादी एक जूनला जन्मलेली.

शुक्रवारी उरली एकोणीस.

नकाशात नुसता तपकिरी डाग दिसतो तिथे
सुलक्षा पालयेकरच्या स्कूटरवरून गेले.
ती अंगणवाडीची; वाट तिला पाठ.
म्हणाली, "पयलीं नांव विचारूं नाका. उदक मागात."
चिरेखाण वरून पाहिली तर
माझ्याच पडद्यासारखी : काटकोनात कापलेले रकाने,
तळाशी हिरवं पाणी,
कडेला निळ्या ताडपत्रीच्या सात खोपी.
दारांवर हिवतापवाल्यांच्या खडूच्या खुणा.
म्हणजे सरकार इथवर आलं होतं,
थेंबभर रक्त घेऊन परत गेलं होतं.

पाणी मिळालं.
मग माझ्या हातातला कागद दिसला आणि आई आत गेली.
मागच्या खाणीवर कुणी नावं लिहून नेली,
आठव्या दिवशी खोपी मोडल्या,
हे तिनं नाही सांगितलं. शेजारणीनं सांगितलं,
थोडं कन्नडमध्ये, बाकी हातांनी.

मुलगी बाहेरच. कडेवर धाकटी.
थप्पीवर कोळशाच्या रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
मुनिमाच्या वहीत बापाचे चिरे दोनशे दहा,
तिच्या थप्पीवर दोनशे चाळीस.
"तुझ्या कागदावर किती?"
एकोणीस, म्हटलं.
ती माझ्या कागदाकडे बघत राहिली,
मुनिमाच्या वहीकडे बघत असेल तशी.

पुढच्या आठवड्यात खाण खात्याचं पत्र :
सदर यादी पत्त्यांसह सादर करावी.
मी मसुदा केला, मुलांची यादी मुलांसाठीच आहे.
साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
सही केली.
त्यावर पुढे काय झालं, मला माहीत नाही.
खोपी अजून आहेत, एवढं सुलक्षा दर बुधवारी कळवते.

हुलिगेम्मा शाळेत बसते.
बाई आता नाव अख्खं घेतात, अडखळून का होईना.
जन्म कधीचा, विचारलं तर आई म्हणाली,
जोंधळा काढायला आला होता, रात्री गारठा.
रकान्यात जोंधळा बसत नाही.

अठरांपैकी काहींचं होईल.
एका ओळीचं सांगता येत नाही : दुरुगप्पा, तिचा भाऊ, वय अकरा.
दुसऱ्या ठेकेदारानं ट्रकवर बसवून तेरेखोलपलीकडे नेला,
आणि पलीकडे राज्य दुसरं, फाइल दुसरी.
दोनदा लिहिलं आहे तिकडच्या कचेरीला.
ओळ पिवळीच आहे.

आज सकाळी पडदा उघडला
तर कुणी हात न लावता
तिच्यातला एक आकडा बदललेला :
बारा.